धागा: संगणकाचा पंखा खरखरतोय, बुशमध्ये नेमकं कुठलं तेल घालावं?

शब्दवेल, सातारा · ११ जानेवारी, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

मी दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. चार वर्षं झाली. सध्या बारावीचा इतिहास चालू आहे. तीन प्रकरणं राहिली आहेत आणि मुलांची परीक्षा फेब्रुवारीत.

संगणक आठ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला. मागच्या बाजूला १२० मिमीचा पंखा आहे. दिवाळीच्या सुमारास तो सकाळी चालू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं खरखरायचा आणि मग गप्प व्हायचा. थंडी वाढली तशी खरखर लांबत गेली. आता थांबतच नाही. रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं की माझ्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरत बसलंय असं वाटतं.

डिसेंबरात हार्डवेअरच्या दुकानातून गंज सोडवायचा स्प्रे आणला, पंख्यामागचा स्टिकर सोलला आणि मधल्या भोकात फवारला. चार दिवस अगदी शांत. पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठा आवाज.

घरात शिवणयंत्राचं तेल आहे, खोबरेल आहे, मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल आहे आणि मुलाच्या सायकलचं ग्रीस आहे. यातलं कुठलं घालू? की यातलं काहीच नको?

कान_देऊन, ठाणे · ११ जानेवारी, रात्री १०:४१

ताई, मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो म्हणून आधी आवाजाबद्दल सांगतो.

पंख्याचे आवाज दोन जातीचे. एक वाऱ्याचा. समजा ७ पाती आहेत आणि मिनिटाला १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला २०. वीस सत्ते १४०, म्हणून १४० हर्ट्झचा एकसुरी गुंजारव येतो. तो बदलत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला त्याचा नमुना दिला की बराचसा निघून जातो. तुम्ही सांगताय तो दुसरा, कोरड्या बेअरिंगचा. तो क्षणाक्षणाला वेगळा असतो. सॉफ्टवेअर त्याच्यामागे लागलं की तुमच्या आवाजातले स, श, च सगळे बोथट होतात. ऐकून अभ्यास करणाऱ्या मुलाला ते तासभर सहन होणार नाही. म्हणून खरखर पंख्यातच थांबवायला हवी, रेकॉर्डिंगमध्ये नाही.

पण ती याच पंख्याची आहे हे पक्कं करा. कॅबिनेटची बाजू उघडा, संगणक चालू ठेवा, कान साफ करायच्या काडीचं कापसाचं टोक पंख्याच्या मधल्या गोल टोपीवर हलकेच दाबून दोन सेकंद थांबवा. पात्यावर दाबू नका. आवाज थांबला तर तोच. एकसारखी टकटक असेल तर बहुधा एखादी वायर पात्याला लागतेय, तिला तेल नको, बांधायला दोरा हवा.

शब्दवेल, सातारा · ११ जानेवारी, रात्री ११:०५

केलं. तोच आहे. प्रोसेसरवरच्या पंख्याला काही झालेलं नाही.

खटपटे_नाना, पिंपरी · १२ जानेवारी, सकाळी ६:५०

भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला ३१ वर्षं काढली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. जरा सविस्तर लिहितो, कारण तेलाचं नाव सांगून मोकळं झालं तर पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा अडणार.

तुमचा पंखा बुशचा आहे, म्हणजे त्याचा शाफ्ट (मधला दांडा) छर्ऱ्यांच्या बॉल बेअरिंगऐवजी नुसत्या नळीत फिरतो, हे लक्षणांवरूनच कळतं. गार असताना ओरडणं, तापल्यावर गप्प होणं ही तेल आटलेल्या बुशची खूण. बॉल बेअरिंग गेलं की आवाज वेगळा येतो, बारीक शीळ घातल्यासारखा किंवा वाळू दळल्यासारखा, आणि तापल्यावरही तो फारसा उतरत नाही.

आता बुश म्हणजे काय ते बघा. दिसायला ती पितळेची नळी वाटते, पण ती ओतीव नसते. तांब्याची आणि कथलाची बारीक पूड, साधारण नव्वदाला दहा, साच्यात दाबून भाजतात. पूड पूर्ण वितळू देत नाहीत, कणाला कण चिकटेल इतपतच तापवतात. त्यामुळे आत बारीक छिद्रं राहतात. बुशच्या आकारमानाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसती पोकळी असते आणि कारखान्यातच ती तेलाने भरून देतात. शाफ्ट फिरला की बुश तापतो, छिद्रांतलं तेल बाहेर येतं आणि शाफ्टभोवती त्याची पातळ साय धरते. पंखा थांबून गार झाला की तेच तेल पुन्हा आत शोषलं जातं. पाण्याच्या माठाला बाहेरून पाझर फुटावा तसा प्रकार, फक्त इथे गेलेलं परतही येतं. शाफ्ट धातूला टेकतच नाही, तेलावर तरंगतो.

वर्षानुवर्षांत त्यातला हलका भाग उडून जातो. उरतं ते जड, चिकट, त्यात धूळ आणि बुशचीच झिजलेली पूड. याचा काळा चिखल होतो. थंडीत तो आणखी घट्ट. म्हणून तुमचा पंखा जानेवारीत सकाळी सगळ्यात जास्त रडतो.

स्प्रेने काय केलं तेही सांगतो. तुमचा कुठला होता माहीत नाही, पण या जातीतलं सगळ्यात प्रसिद्ध नाव घ्या. डब्ल्यूडी-४० मधली अक्षरं 'पाणी हटवणे' या इंग्रजी शब्दांची आहेत आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ते बनलं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखायला. असल्या द्रवांत मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. तो चिखल पातळ करतो, म्हणून चार दिवस शांत. मग तो उडतो आणि जाताना छिद्रांत उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो. मागे राहते ती फार पातळ साय. अडकलेला बोल्ट सोडवायला ते उत्तम आहे, पण मिनिटाला हजार फेरे महिनोन्महिने फिरणाऱ्या बुशला ती साय पुरत नाही.

तेल कुठलं. औद्योगिक तेलाच्या डब्यावर ३२, ४६, ६८, १०० असे नंबर असतात. ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट, त्याचं ते माप. पाण्याचा दाटपणा १ च्या आसपास धरला तर बाकीचा अंदाज येईल. संगणकाच्या पंख्याची मोटर दोन-तीन वॉटची. तिला फार दाट तेल ओढवत नाही आणि फार पातळ टिकत नाही. माझं मत: बुश घट्ट असेल तर ३२ किंवा ४६, किंचित झिजला असेल तर ६८. टर्बाइन ऑइल मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही, कारण ते वर्षानुवर्षं हवेशी संबंध येऊनही लवकर बिघडू नये म्हणूनच बनवलेलं असतं. ते नाही मिळालं तर हायड्रॉलिकचं ४६ किंवा ६८ नंबर चालेल. एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये एक वाटी मागा, कुणी पैसे घेणार नाही.

तुमच्या घरातल्या चारांपैकी एकच निवडायचं तर शिवणयंत्राचं तेल. स्वच्छ खनिज तेल आहे, चिकटा धरत नाही. फक्त पातळ असल्यामुळे काही महिन्यांनी परत घालावं लागेल.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: जुना चिखल न काढता कुठलंही तेल घातलंत तर आठवडाभराची चैन. आधी सफाई, मग तेल.

माणदेशी, म्हसवड · १२ जानेवारी, सकाळी ९:२०

नानांचं सगळं मान्य, पण आमच्याकडे टेबल फॅनला खोबरेल घालतात आणि तो चालतो. वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. घरात असताना बाजारात कशाला जायचं?

कोल्हापुरी_वाइंडर, कोल्हापूर · १२ जानेवारी, दुपारी १:३०

माणदेशी भाऊ, माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय, २२ वर्षं झाली. खोबरेल घातलेलं पंखं माझ्याकडंच येत्यात, म्हणून सांगतो.

आज जानेवारी चाललाय. न्हाणीतली खोबरेलाची बाटली उलटी करून बघा. गोठलेली असणार. साधारण २४ अंशाच्या खाली ते थिजतंय. जे तेल बाटलीतनं बाहेर येत न्हाई ते बुशमध्ये काय काम करणार? उन्हाळ्यात पातळ होतंय, पर मग खवट होतंय, चिकटतंय. खायची तेलं तर त्याहून वाईट. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावर बोट फिरवा. तपकिरी, रबरासारखा चिकट थर लागंल, नखानं खरवडाय लागतो. ते तेलच हाय, हवा लागून लागून तसलं झालंय. तेच बुशच्या आत झालं की शाफ्ट धरून बसतोय. मी असलं शाफ्ट गॅसवर बुश तापवून बाहेर काढल्यात.

तुमच्या वडिलांचा फॅन चालला कारण टेबल फॅनची मोटर दांडगी, पन्नास वॉटच्या आसपासची. ती गोंदातनंबी शाफ्ट ओढून न्हेती. ताईंच्या पंख्याला तेवढी ताकद न्हाई.

आमच्याकडं नवा बुश बसवायच्या आधी गरम तेलात बुडवून रात्रभर ठेवत्यात. तापल्यावर छिद्रातली हवा बाहेर येती, गार होताना तेल आत जातंय. संगणकाच्या पंख्याचा बुश प्लॅस्टिकमध्ये पक्का असतोय, बाहेर येत न्हाई, पर तीच युक्ती थोडी वापरता येती. तेल घाला, केस वाळवायच्या यंत्रानं हाताला सोसंल इतकंच गरम करा आणि रात्रभर उभं न हलवता ठेवा, बुशचं तोंड वर. सकाळी तेल खाली गेलेलं दिसंल. मग परत एक थेंब.

माणदेशी, म्हसवड · १२ जानेवारी, दुपारी २:०५

बाटली बघून आलो. दगड झालीय. पटलं.

सुटे_भाग, गिरगाव · १२ जानेवारी, रात्री ९:१५

मी लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप दुरुस्ती करते. पंखा रोज दोन-चार उघडते. नानांनी तेल सांगितलं, मी उघडणं सांगते, कारण खरी फजिती तिथे होते.

शब्दवेल, संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पंखा कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर घ्या. जागच्या जागी तेल घालू नका, जास्तीचं खाली बोर्डवर उतरतं. चौकटीवरचे बाण मोबाइलवर टिपून ठेवा, नाहीतर वारा उलटा.

स्टिकर एका कोपऱ्यातून सावकाश सोला. बोट किंवा तेल चिकटवाच्या बाजूला लागू देऊ नका, परत बसणार नाही. खाली काही पंख्यांत रबरी बूच असतं, ते काढा. आत शाफ्टचं टोक दिसेल आणि त्याच्या खाचेत अडकलेली पांढरी वॉशर, मुगाच्या दाण्याएवढी, एका बाजूला चिरलेली. पाती जागेवर धरून ठेवण्याचं काम ती करते. पाती बाहेर काढायची तर ती निघायला हवी. दोन शिवणाच्या सुया घ्या, चिरेच्या दोन बाजूंनी घाला, ओठ किंचित फाकवा आणि वर उचला. ती उडते. उडतेच. म्हणून हे काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ती हरवली तर पंखा गेला, कारण ती सुटी सहजासहजी मिळत नाही. तिच्याखाली एक बारीक काळी रबरी रिंग असते, तीही जपा. तेल वरून उडू नये म्हणून ती असते.

आता पाती ओढा. चुंबकाची ओढ जाणवेल, सरळ वर या. शाफ्टवर काळं-तपकिरी दिसेल. जुन्या सुती कापडाने पुसा. बुशच्या आत टूथपिकला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापूस पांढरा येईपर्यंत. नेलपॉलिश काढायचा द्रव वापरू नका, त्यातलं ॲसिटोन पंख्याचं प्लॅस्टिक खातं. तुमच्या बाबतीत तो स्प्रेही पूर्ण निघायला हवा, म्हणून दोनदा पुसा आणि तासभर वाळू द्या.

मग तेल. दाभणाच्या टोकावरून २ थेंब बुशमध्ये, शाफ्टला बोटाने हलका हात. रिंग, वॉशर, आणि वरून आणखी १ थेंब. स्टिकर बसायच्या जागेवर तेल दिसत असेल तर अल्कोहोलने टिपून घ्या. स्टिकर चिकटतच नसेल तर वर चांगला टेप लावा, भोक उघडं ठेवू नका, दोन महिन्यांत धूळ खाली जाते.

लॅपटॉपच्या पंख्यांत बऱ्याचदा वॉशर नसते, पाती नुसत्या चुंबकाने धरलेली असतात आणि सरळ उचलली की येतात. तिथे अर्धा थेंब पुरे.

पेणकर_न्यूजर्सी · १२ जानेवारी, रात्री ११:५०

इकडच्या मराठी मंडळींसाठी भर घालतो. थ्री-इन-वन नावाचे दोन डबे हार्डवेअरच्या दुकानात शेजारी शेजारी असतात. लाल अक्षरांचा डबा सर्वसाधारण वापराचा, बिजागरी-कुलपासाठी. निळा डबा मोटरसाठीचा, एसएई २० दाटपणाचा. पंख्याला निळा. नानांच्या मापात तो ४६-६८ च्या आसपास पडतो. मी दोन्ही वापरून बघितले. लाल घातलेला पंखा दीड वर्षात चिकट झाला, निळ्याचा अजून चालू आहे.

शब्दवेल, सातारा · १३ जानेवारी, सकाळी ७:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, एक विचारायचं राहिलं. इंजिन ऑइल का नको? आणि ग्रीस?

खटपटे_नाना, पिंपरी · १३ जानेवारी, सकाळी ८:१०

इंजिन ऑइल वाईट नाही. कारचं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० असतं तर घाला म्हणालो असतो, ते उडतही कमी. पण तुमच्याकडे २०डब्ल्यू-४० आहे. ते ४० अंशाला १०० च्या पुढे जातं आणि साताऱ्याच्या सकाळच्या बारा-तेरा अंशांना त्याची काकवी होते. पंखा कमी वेगावर सुरू व्हायला अडेल, आणि मदरबोर्ड कमी व्होल्टेज देऊन सुरू करत असेल तर अजिबात फिरणार नाही. आवाज गेला, पण वाराही गेला, असं नको.

ग्रीस बुशमध्ये नको म्हणजे नको. ते छिद्रांत शिरत नाही, उलट त्यांची तोंडं बुजवतं. ग्रीस बॉल बेअरिंगसाठी, आणि पंख्यातली बॉल बेअरिंगं दोन्ही बाजूंनी पत्र्याने झाकलेली असतात, तिथे ते आत घालताच येत नाही. ते वाजायला लागलं की बेअरिंग बदलायचं. व्हर्नियरने मोजा. ६९३झेडझेड असेल तर आतलं भोक ३ मिमी, बाहेरचा व्यास ८, जाडी ४. बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की मिळतं.

सिलिकॉन ऑइलही कुणी सुचवेल. रबराला, प्लॅस्टिकला ते छान. पोलादी शाफ्ट आणि कांस्याचा बुश यांच्यामध्ये मात्र ते दाबाखाली टिकत नाही. ग्रॅफाइटची पूड तर बोर्डाजवळ नेऊच नका, ती वीज वाहून नेते.

बारावीनंतर, लातूर · १३ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

माझ्या पीसीचा आवाज एसएमपीएसमधून येतोय, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यातल्या पंख्याचा. असंच उघडून तेल घालू का? चार स्क्रू तर आहेत.

सुटे_भाग, गिरगाव · १३ जानेवारी, संध्याकाळी ६:५२

नको. हात लावू नकोस.

त्या डब्यात घरातली २३० व्होल्टची वीज आधी एकदिश करतात. ती मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास भरून राहते, आणि बऱ्याच नव्या सप्लायमध्ये ३८० ते ४०० पर्यंत. वायर भिंतीतून काढल्यावरही ती लगेच जात नाही. डब्यात बोट घालून पंखा काढताना त्या कपॅसिटरच्या पायांना हात लागला तर जीव जाऊ शकतो. मी स्वतः उघडते, पण मीटर लावून व्होल्टेज शून्य झालंय बघितल्याशिवाय आत बोट घालत नाही. तुला मीटर वापरायची आणि हे कपॅसिटर रिकामे करायची सवय नसेल तर दुकानात ने. काम अर्ध्या तासाचं आहे.

बारावीनंतर, लातूर · १३ जानेवारी, संध्याकाळी ७:००

स्क्रू ड्रायव्हर ठेवून दिला. उद्या दुकानात नेतो. धन्यवाद ताई.

शब्दवेल, सातारा · १४ जानेवारी, रात्री ८:३०

आज संक्रांत, तिळगूळ घ्या आणि ऐका.

यांनी एमआयडीसीतल्या मित्राकडून हायड्रॉलिकचं ४६ नंबर आणलं, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. मधासारखा रंग, वास जवळजवळ नाही. दुपारी पंखा काढला. स्टिकर नीट निघाला. वॉशर पिशवीतच उडाली, आवाज आला 'टिक' असा, आणि पिशवीच्या कोपऱ्यात सापडली. सुटे_भाग, त्या पिशवीबद्दल तुम्हाला शंभर वेळा धन्यवाद.

पाती बाहेर आली तेव्हा शाफ्टवर तेल नव्हतंच. टोकाला चकचकीत आणि मधे वाळलेल्या काजळासारखा थर, नख लावलं तर पापुद्रा निघाला. बुशमधून पहिली काडी कुळकुळीत काळी आली, दुसरी तपकिरी, सातवी पांढरी. शाफ्ट बोटाने फिरवताना एका जागी किंचित खरखरीत लागतं. पाती पुन्हा बसवून टोक वर-खाली हलवलं तर थोडं डुलतं, नव्या पंख्यापेक्षा जास्त.

आता तेल घातलंय, गरम केलंय आणि तोंड वर करून कपाटावर ठेवलंय. मुलाला बजावलंय की हात लावायचा नाही.

खटपटे_नाना, पिंपरी · १४ जानेवारी, रात्री ९:०५

शाफ्टला खरखरीत जागा आहे म्हणजे थोडे दिवस तो कोरडा फिरला. डुलणं म्हणजे बुशचं भोक किंचित लंबगोल झालंय. गेलेला धातू तेलाने परत येत नाही. उद्या ४६ वर पूर्ण शांत नाही झाला तर ६८ घालून बघा. दाट तेल ती फट जास्त भरतं. तरीही वर्ष-दोन वर्षांत नवा घ्यावा लागेल असं धरून चाला. नवा घेताना बुशऐवजी फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा घ्या. त्यात शाफ्टभोवती कोरलेल्या बारीक खाचा तेल मध्येच दाबून धरतात, म्हणून तो जास्त टिकतो. पण तुमची परीक्षा फेब्रुवारीत आहे, तोवर हा पुरेल.

कोल्हापुरी_वाइंडर, कोल्हापूर · १४ जानेवारी, रात्री ९:३०

आणि ताई, ब्लोअरनं धूळ उडवताना पाती बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतावर पंखा गरगर फिरवायला लई मजा येती, पर तो ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतोय आणि तिथंच बुश खातोय. तिळगूळ घ्या, गोड बोला.

शब्दवेल, सातारा · १५ जानेवारी, सकाळी ७:१५

सकाळी तेल खाली गेलेलं होतं, वाइंडरभाऊ म्हणाले तसंच. एक थेंब वरून घातला, स्टिकर लावला, पंखा बसवला. १३ अंश तापमानात बटण दाबलं.

पहिले दोन-तीन सेकंद बारीक खुरखुर. मग नुसता वारा. मी टेबलाखाली वाकून कान लावला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, ती या खोलीत ऐकू येते हे मी विसरलेच होते.

कान_देऊन, ठाणे · १५ जानेवारी, सकाळी १०:००

वा! आता एक करा. रोज रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहा सेकंद न बोलता खोलीचा आवाज घ्या. सफाईला नमुना मिळेल आणि पंखा पुन्हा बिघडायला लागला तर तुमच्या कानाआधी त्या दहा सेकंदांत दिसेल. माइक पंख्याच्या अगदी समोर असेल तर तिरका करा आणि कॅबिनेटखाली जुन्या सतरंजीची घडी घाला. लाकडी टेबल पंख्याची थरथर मोठी करतं.

रानवारा, नाशिक · २० जानेवारी, दुपारी ४:२०

वाचनखूण साठवली. माझ्या पंख्याला मागे भोकच नाही, स्टिकरखाली सपाट प्लॅस्टिक आहे. ड्रिलने पाडू का?

सुटे_भाग, गिरगाव · २० जानेवारी, रात्री ८:४५

पाडू नका. किस आत पडतो आणि तोच बुश कापतो. पाती जरा जोर लावून सरळ ओढून येतायत का ते बघा, काही पंख्यांत शाफ्ट नुसता पकडीत बसवलेला असतो. नाही आली तर नवा घ्या. चार-पाचशे रुपयांत बरा १२० मिमी मिळतो. पिना किती आहेत ते मोजून न्या, ३ की ४.

शब्दवेल, सातारा · ९ मार्च, रात्री ९:१०

हा धागा वर काढते, कारण तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. इतिहासाची तिन्ही प्रकरणं २८ जानेवारीला पूर्ण झाली आणि मुलांपर्यंत वेळेत पोचली. एका मुलीने फोन करून सांगितलं की शेवटची प्रकरणं ऐकताना तिने पहिल्यांदाच आवाज कमी ठेवला होता, आधी खरखरीच्या वर ऐकू यावं म्हणून वाढवावा लागायचा.

४६ वर पंखा फेब्रुवारीअखेर छान चालला, मग सकाळी परत किंचित खुरखुर लागली. नानांनी सांगितल्याप्रमाणे परवा ६८ घातलं. या वेळी उघडायला पंचवीस मिनिटं लागली आणि वॉशर उडाली नाही. बुशमधून आलेली पहिली काडी फक्त फिकट पिवळी होती. नवा पंखा मागवून ठेवला आहे, फ्लुइड बेअरिंगचाच, पण हा चालतोय तोवर बदलणार नाही. औषधाच्या बाटल्यांवर '४६' आणि '६८' अशा चिठ्ठ्या लावल्यात, शेजारच्या काकूंच्या टेबल फॅनलाही त्यातलंच गेलं.

उद्यापासून अकरावीचा भूगोल. पहिले दहा सेकंद न बोलता.